नाक बुडतंय म्हणून पंखा कापण्याआधी

तुमची २७ इंची रिमोटवर पळणारी डीप-व्ही मोनो (खोल व्ही आकाराच्या एकाच तळाची बोट), फोर-एस लिपो (चार सेलची बॅटरी). प्लास्टिकचा पंखा (प्रोपेलर) काढून ऑक्टुरा कंपनीचा धातूचा एक्स-४४२ लावला आणि तेव्हापासून बोट मागून उचलली जाते, नाक पाण्याला चिकटतं, वळणावर ते रुतलं की बोट गर्रकन फिरते. ही लिफ्ट, म्हणजे मागची उचल, कमी करायला पात्याची कोणती कड कापू, असं विचारलंय. कड सांगतो, पण तोवर कानस खाली ठेवा. मी सिएटलजवळ राहतो, बारा-तेरा वर्षं या बोटी पळवतोय, आणि माझ्याकडे कापून वाया घालवलेल्या पंख्यांचा एक डबाच आहे. त्यातले निम्मे तरी स्ट्रट (पंख्याचा दांडा धरणारा मागचा आधार) अर्धा अंश हलवला असता तर वाचले असते.

आधी ही लिफ्ट येते कुठून ते बघू. आपल्या बोटींचा पंखा पूर्ण बुडत नाही, वेगात असताना साधारण अर्धा पाण्याबाहेर असतो. पातं पाण्यात शिरतं तेव्हा खाली जात असतं, म्हणजे ते पाणी खाली दाबतं आणि बोटीची मागची बाजू वर ढकलली जाते. दुसऱ्या बाजूला पातं वर येतं तेव्हा याच्या उलट व्हायला हवं, पण तोपर्यंत पात्यामागे हवेची पोकळी झालेली असते आणि त्याला तितकं घट्ट पाणी मिळत नाही. हिशेबात वरचा जोर उरतो. सिएटलच्या ‘स्लो-मो-शन फोर’ या खऱ्या रेसिंग बोटीने हीच गोष्ट कामाला लावली होती. मागची बाजू पंख्यावर तोललेली, पंखा अर्धा बाहेर. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ती ताशी १६० मैलांच्या वर गेली. आधीचा विक्रम ब्लू बर्ड या ब्रिटिश बोटीचा होता, सुमारे १४१ मैलांचा. थोडक्यात, लिफ्ट हा पंख्याचा दोष नाही. तुमच्या बोटीला ती गरजेपेक्षा जास्त मिळतेय, एवढंच.

आणि ती अचानक का वाढली? प्लास्टिकचं पातं जोर आला की वाकतं, धातूचं वाकत नाही. शिवाय ४४२ म्हणजे व्यास ४२ मिमी आणि पिच (एका फेरीत पंखा कागदावर जेवढा पुढे जातो ते अंतर) व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिमी. मोटर मिनिटाला ३०,००० फेऱ्या देत असेल तर कागदावर ताशी सुमारे १०६ किलोमीटर होतात. पाण्यात त्यातले बरेच घसरणीत जातात, तरी जुन्या पंख्याशी तुलनाच नको.

म्हणून पहिलं काम स्ट्रट. बोट उलटी करा, तळाला पट्टी लावा आणि स्ट्रट तळाशी समांतर आहे का बघा. त्याचं मागचं टोक जरा जरी खाली झुकलेलं असेल, तर पंख्याचा जोर मागची बाजू वर उचलतो आणि नाक दाबतो. ते टोक अर्धा अंश वर घ्या, पळवून बघा, हवं तर आणखी अर्धा. ट्रिम टॅब (बोटीच्या मागे तळाशी लावलेल्या छोट्या पट्ट्या) खाली वाकलेले असतील तर तेही सरळ करा, ते हेच काम करतात. मग वजन. अशा मोनोचा तोल ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपासून) लांबीच्या ३० टक्क्यांच्या आसपास असावा. बॅटरी एक सेंटिमीटर मागे सरकवली तरी फरक कळतो. हे सगळं फुकट आहे आणि परत पहिल्यासारखं करता येतं. कापलेलं पातं परत येत नाही.

एवढं करूनही नाक उठत नसेल, तर पंखा हातात घ्या. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही टाळू नका: ऑक्टुराचे हे पंखे बेरिलियम कॉपरचे असतात. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. ड्रेमेलने (हातातल्या छोट्या ग्राइंडरने) कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर घ्या, पंखा आणि कागद दोन्ही सतत ओले ठेवा, चांगला मास्क लावा. उरलेला चिखल ओल्या कागदाने पुसून पिशवीत बंद करा, फुंकर मारू नका. घरात लहान मुलं असतील तर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तर अजिबात नको. आमच्याकडे यावरून एकदा महाभारत झालंय, आणि चूक माझीच होती.

नवा पंखा बोथट येतो, त्यामुळे आधी धार. घासायचं ते बोटीकडे बघणाऱ्या बाजूने. मागे बघणारी बाजू पाणी ढकलते, तिला हात लावू नका. धार लावून, बॅलन्स करून पुन्हा पाण्यात सोडा. कधीकधी इथेच प्रश्न मिटतो.

आता तुमची कड. कापायची ती मागची कड (पाणी शेवटी सोडते ती), आणि तीही बुंध्याजवळून. तिथे पात्याला जी जिभेसारखी पसरट जागा असते ती थोडी गोलाईत काढली की माझ्या बोटींवर मागची उचल कमी झालीये आणि मोटरही जरा हलकी झालीये. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. वर टोकाकडे जाताना थांबा, कारण मागच्या कडेला जो वळवलेला कप असतो तो तुमचा पिच आहे. सरसकट कड कापली की कप जातो, मोटर किंचाळायला लागते आणि बोट मात्र हळू. टोकाजवळचा कप तर तुमच्याच बाजूचा आहे. तो रेकसारखा, म्हणजे पातं मागे कललेलं असल्यासारखा, वागतो. असं पातं पाणी मागे ढकलताना थोडं वरही ढकलतं, त्याची प्रतिक्रिया मागची बाजू खाली दाबते आणि नाक उठतं. मोठ्या आउटबोर्ड बोटींवर नाक उचलायला जास्त रेकचा पंखा लावतात तो याचसाठी.

व्यास शेवटी. ४२ चा ४० केला तर तेवढ्याच फेऱ्यांना लागणारी ताकद हिशेबाने पाचव्या हिश्शाने कमी होते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. लिफ्ट कमी होते, वेगही जातो. त्यापेक्षा लहान पंखा विकत घ्या, असं माझं मत.

दोन्ही पाती सारखी ठेवणं हे खरं काम. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून पहिल्या पात्याचा साचा करा आणि मार्करने दुसऱ्यावर उतरवा. माझ्या पहिल्या पंख्यावर मी नजरेने कापलं होतं, अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला. बॅलन्सरवर जड पातं घासून वजन जुळवलं आणि वाटलं, झालं. वजन जुळलं होतं, आकार नाही. तिसऱ्या फेरीत फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून पंख्याकडे जाणारा लवचीक दांडा) तुटला, पंख्यासकट तळ्यात गेला, आणि मी गुडघाभर पाण्यात उभं राहून चुंबकाने तांबं शोधत होतो. मित्रांनी मला बराच वेळ शोधू दिलं.

चाचणीला वारा नसलेली सकाळ, पूर्ण चार्ज केलेली तीच बॅटरी, आणि दर वेळी एकच बदल. दोन मिनिटं पळवून मोटर आणि ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचं) तापमान वहीत लिहा. पट्टी लावलेल्या स्ट्रटचा बाजूने काढलेला फोटो इथे टाका, मग बघू कापायची गरज आहे का.