स्वयंसेवकांना गावात नेण्याआधी

पहिल्यांदाच गट घेऊन निघतोयस, तर सामानाची यादी करण्याआधी गावाला विचार, काय हवंय. आपण इथे बसून शाळा रंगवायचा बेत आखतो आणि तिथे हातपंप बंद पडलेला असतो. जमलं तर आधी एकटा जाऊन ये.

तब्येतीच्या बाबतीत भीड नको. दमा कोणाला, मधुमेह कोणाला, कोण कुठली गोळी घेतं, सगळं लेखी घे. धनुर्वाताची लस १० वर्षांच्या आत झालीय का, बघ. पाण्याला खळखळून उकळी फुटली की निदान १ मिनिट तशीच राहू दे. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाणी आधी गाळून घ्यायचं, नाहीतर गोळीचा जोर कमी पडतो. ओआरएस संपलं तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, हे बजावून सांग! साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही. हात-पाय हलू न देता थेट प्रतिविष मिळणारा दवाखाना. तो किती लांब आणि रात्री गाडी कोण देणार, हे निघण्याआधीच ठरव.

फोटो विचारूनच, मुलांचे आईवडिलांना विचारून. आणि ‘आम्ही पुन्हा येऊ’ असं कोणी कबूल करायचं नाही. उत्साही मंडळी ऐकतीलच असं नाही, तरी सांग.