वाचकांचे प्रश्न : हरिपाठ तोंडात येतो, मनात येत नाही

प्रश्न : नऊ महिन्यांपूर्वी यजमान अचानक गेले. दुकानाची उधारी माझ्या अंगावर आहे. वीस वर्षांचा रोजचा हरिपाठ सुटला. म्हणायला बसले तर नुसते शब्द येतात, ढोंग वाटतं. नातेवाईक म्हणतात, ‘तुकोबांनी दिवाळं निघालं तरी बरं झालं म्हटलं, तुम्ही का रडता?’ माझी श्रद्धाच कच्ची होती का? – एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्या नातेवाइकांचा समाचार घेऊ. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’ हे तुकोबांनी स्वतःबद्दल म्हटलंय आणि मागे वळून पाहताना म्हटलंय. ताज्या दुःखात बसलेल्या शेजाऱ्याला ऐकवायला तो अभंग नाही. ‘माझे लेखी देव मेला’ असंही तेच म्हणून गेले. आणि जनाबाईंनी तर विठोबाला चक्क शिव्या घातल्या. देवावर रुसणं वारकऱ्यांना नवं नाही.

तुमच्या उपयोगाचा अभंग दुसरा आहे, ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’. १६३०च्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको ‘अन्न अन्न’ करत गेली. पुढे काय केलं ते त्यांनी ओळीने सांगितलंय, आणि तो क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी पडकं देऊळ उभं केलं, म्हणजे हातांना काम दिलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तिथेच कबुली आहे : ‘नव्हते अभ्यासी चित्त आधी’. मन लागत नव्हतं, तरी केलं. मग संतांची ‘काही’ वचनं पाठ केली; सगळी नव्हे, काही. आणि गाणाऱ्यांच्या मागे राहून धृपद, म्हणजे पालुपद, धरलं. तुम्ही ज्याला ढोंग म्हणता, ती त्यांची सुरुवात होती.

तेव्हा सत्तावीस अभंगांचा पूर्ण हरिपाठ सध्या बाजूला ठेवा. त्याला अर्धा तास लागतो आणि आत्ता तुमचं लक्ष तेवढं टिकणार नाही; तिसऱ्या दिवशी सुटेल आणि अपराधीपणा वाढेल. फक्त पहिला, ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’. मोठ्याने, टाळी वाजवत म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की दुसऱ्याच ओळीला उधारीचा हिशेब सुरू होतो. आवाज आणि टाळी असली की तो जरा लांब राहतो. वेळ दिवेलागणीची धरा. दुकान बंद करून माणूस घरी यायची ती वेळ, म्हणून ती सर्वांत जड जात असणार. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन म्हणून भरपाई करू नका. पंधरा दिवस जमलं की दुसरा अभंग जोडा. लाखभर जपाचा संकल्प, कडक उपास यातलं काही नको. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकादशीलाही वेळेवर जेवा.

महिन्यात दोन एकादश्या येतात. गावच्या भजनात जा आणि मागे बसा. कुणी पुढे बोलावलं तर ‘आज नुसतं धृपद धरते’ एवढं सांगा. तिथे आवाज फुटला, रडू आलं, तरी बाकीच्यांचा सूर चालू राहतो. घरी एकटीने म्हणताना ही सोय नसते.

उधारीला मात्र अभंग लावू नका. येणं एका वहीत, देणं दुसऱ्या वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे रक्कम, तारीख आणि कागद आहे की तोंडी, एवढं. रोज तीनच नावं. यजमानांनी तोंडी घेतलं होतं असं सांगत कुणी आलं तर पुराव्याशिवाय सही करू नका.

आणि एक स्पष्टच सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण गेलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

प्रश्न : आई गेल्यापासून वडील (वय ६८) गप्प असतात. यंदा वारीला न्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ते स्वतः ‘येतो’ म्हणाले तरच. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, सगळं चालायची गरज नाही. पुण्याजवळ पडतो म्हणून लोक पुणे–सासवड टप्पा निवडतात, पण दिवे घाटासकट तो तीस किलोमीटरच्या घरात जातो. न चाललेल्या माणसाचे पाय पहिल्याच दिवशी फोडांनी भरतात आणि मनात राहतो तो फक्त त्रास. त्याऐवजी पुढचा सासवड–जेजुरी टप्पा घ्या, तो जवळपास निम्मा आहे. महिनाभर आधी रोज चालायला लावा, चपला त्याच वापरात मुरलेल्या असू द्या. ओळखीच्या दिंडीत जा, भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाचे, पैसे आधी भरा, आणि चालताना त्यांच्याशी आईबद्दल बोलायचा आग्रह धरू नका. शेजारचा वारकरी विचारेल, ‘माउली, घरी कोण कोण?’ त्याला ते सांगतीलही.