स्पेस इन्व्हेडर्स पुन्हा बनवताय? आधी चालीचं गणित समजून घ्या

पहिल्याच प्रयत्नात पॅक-मॅनला हात घालू नका. ताइतो या जपानी कंपनीचा 1978चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या, म्हणजे वरून उतरत येणाऱ्या शत्रूंना गोळ्या घालायचा व्हिडिओ गेम. पडदा उभा, 224 बाय 256 पिक्सेल. तो तसाच ठेवा आणि दाखवताना 3 किंवा 4 पट मोठा करा. अडीच पट केलात की पिक्सेल कुठे जाड, कुठे बारीक दिसतात.

खरी गंमत शत्रूंच्या चालीत आहे. 11-11च्या 5 रांगा, एकूण 55. नवखा माणूस हमखास अख्खा जथा एकदम सरकवतो आणि वेग वाढवायला वेगळं कोष्टक लिहितो. तसं करू नका. मूळ खेळात दर फ्रेमला (पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला सुमारे 60) एकच शत्रू 2 पिक्सेल सरकतो. 55 जिवंत असताना एका फेरीला (सगळे एकेकदा सरकायला) 55 फ्रेम, म्हणजे जवळपास एक सेकंद. 5 उरले की 5 फ्रेम. वेग आपोआप वाढतो, रांगांतून जाणारी ती सुंदर लाटही आपसूक मिळते.

कोणी कडेला टेकला की लगेच दिशा फिरवू नका. नुसती खूण ठेवा आणि पुढच्या फेरीत एकेकाला 8 पिक्सेल खाली उतरवा, नाहीतर जथा मधूनच फाटतो. कड जिवंत शत्रूंवरूनच तपासा.

फ्रेम 1/60 सेकंदाला पक्की बांधा. मॉनिटरच्या वेगावर सोडलंत तर 144 हर्ट्झवर (सेकंदाला 144 चित्रं) खेळ 2.4 पट पळेल.

खेळाडूच्या तोफेपुढच्या चारही ढाली स्वतंत्र चित्रं म्हणून ठेवा. गोळी लागेल तिथले पिक्सेल पुसा आणि टक्करही त्याच पिक्सेलांवरून ठरवा. तरच ढालीला बारीक भोक पाडून त्यातून नेम धरता येतो.