बाराखडी पाठ आहे, पण वाचता येत नाही

प्रश्न : ताई, माझी मुलगी पहिलीत आहे, मराठी शाळेत. मुळाक्षरं घडाघडा म्हणते, बाराखडीपण तोंडपाठ, पण पुस्तकात 'गरम' दिसलं की ग... र... म... करते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. रोज एक पान गिरवून घेते तर नुसती रडारड. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : आधी एक करून बघा, कागदावर नुसतं 'मू' लिहा आणि विचारा हे काय. म मा मि मी मु करत तिथपर्यंत पोचली तर समजा की तिला चाल येते, अक्षर नाही ओळखता येत. बऱ्याच मुलांचं हेच होतं, त्यात तिचा काही दोष नाही. बाराखडी सध्या बाजूला ठेवा. ग, म, न आणि काना एवढंच घ्या, कारण एवढ्यातच मामा, नाग, मान, मन, गगन असे शब्द होतात आणि पहिल्याच आठवड्यात पोरीला 'मी वाचलं!' म्हणता येतं, त्या आनंदाची सर गिरवलेल्या पानाला नाही हो. मग र, स आणा, की नगर, सागर, गरम आलंच. जुन्या ग म भ न क्रमात वळणं सारखी असल्याने हाताला सोपं जातं, पण वाचताना म आणि भ मध्ये गल्लत होते, म्हणून म पक्का झाल्यावरच भ. आणि 'गरम' अडलं तर सांगा पटकन म्हण, ओळखीचा शब्द ऐकू येतोय का? आपण बोलताना शेवटचा म अर्धवटच म्हणतो ना, सुटा म्हटला की तिला शब्दच लागत नाही.

गिरवणं बंद करा असंच सांगेन. परातीत रवा पसरून बोटाने काढू दे, तोंडाने आवाज म्हणत. माँटेसरी पद्धतीत सँडपेपरच्या अक्षरांवरून बोट फिरवतात ते याचसाठी. मग किराण्याची यादी तिलाच लिहू दे, 'सकर' लिहिलं तरी लाल पेन काढू नका, साखरेच्या पुडीवरचं नाव शेजारी धरा, ती स्वतःच बघेल. 'दिवा' लिहिताना वेलांटी द च्या मागे टाकली तर रागावू नका, बोलताना इ नंतर येतो आणि लिहिताना आधी, मोठी गंमत आहे ती मुलांसाठी. रात्री गोष्ट वाचताना ओळीखालून बोट फिरवत जा.

दिवाळीनंतरही अक्षरं टिकत नसतील तर डोळे-कान तपासून घ्या आणि वर्गातल्या बाईंशी बोला, पण तिच्यासमोर नको.