प्रोड्युसर व्हायचंय, पण आधी कुठे जाऊ?

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू पावरा या आदिवासी समाजातली, धडगावकडची, टीवायबीएला आहेस, आणि लिहितेस की काठी गावच्या होळीला शहरातून एक टीम आली, दोन दिवस शूटिंग केलं, तुझ्या आजीचं गाणं रेकॉर्ड केलं आणि नंतर ना फोन ना फुटेज. म्हणून तुला स्वतः प्रोड्युसर व्हायचंय आणि बाबा म्हणतात भरतीची तयारी कर.

तुझा राग अगदी बरोबर आहे. प्रोड्युसर म्हणजे नुसता पैसे लावणारा नाही ग, गोष्ट कोणती घ्यायची, कोणाला विचारायचं, पैसा कुठून आणायचा, कोणाला किती द्यायचे आणि शेवटी हक्क कोणाकडे राहणार हे सगळं तोच ठरवतो, कॅमेऱ्यामागचा माणूस नाही ठरवत.

ऑस्ट्रेलियातल्या रेचल पर्किन्सचं उदाहरण बघ. ती ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांतली, अरेर्न्टे आणि कल्काडून लोकांची. वाढली राजधानी कॅनबेरात, पण अठराव्या वर्षी उलट्या दिशेने निघाली, वडिलांच्या मुलखात ॲलिस स्प्रिंग्जला, आणि तिथल्या ॲबोरिजिनल लोकांच्या, 1980 मध्ये सुरू झालेल्या कामा या मीडिया संस्थेत ट्रेनी म्हणून लागली. फिल्म स्कूलमध्ये प्रोड्युसिंग शिकली ती नंतर. 1992 मध्ये ब्लॅकफेला फिल्म्स ही स्वतःची कंपनी काढली, आणि 2008 मध्ये एसबीएस चॅनलवर फर्स्ट ऑस्ट्रेलियन्स ही सात भागांची मालिका आली, देशाचा इतिहास मूळ रहिवाशांच्या बाजूने सांगणारी. पुढे 2012 मध्ये एबीसी चॅनलवर रेडफर्न नाऊ ही मालिका, त्यात लेखक-दिग्दर्शकही त्यांचेच लोक.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ती आधी आपल्या माणसांत काम शिकली. तिकडे आता लेखी प्रोटोकॉल आहेत, शूटिंगआधी समाजाची परवानगी घ्यायची, वारलेल्या माणसांचे चेहरे किंवा आवाज असतील तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला तशी सूचना द्यायची. तुझ्या आजीला कोणी विचारलं होतं का?

आपल्याकडे आदिवासींचं स्वतःचं चॅनल नाही, त्यांच्या फिल्मसाठी सरकारी फंडाचा वेगळा विभाग नाही, त्यामुळे तुझा रस्ता जास्त खडतर आहे हे लपवत नाही. पण रांचीत बिजू टोप्पो हे उरांव आदिवासी समाजातले फिल्ममेकर आणि मेघनाथ, अखरा नावाच्या ग्रुपमधून कितीतरी वर्षं डॉक्युमेंटरी करतायत, राष्ट्रीय पुरस्कारही मिळालेत. त्यांचं काम शोधून बघ. कोर्स म्हणशील तर कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटमध्ये फिल्म आणि टीव्ही प्रोड्युसिंगचा तीन वर्षांचा कोर्स आहे, कुठल्याही शाखेची पदवी चालते, प्रवेश परीक्षा असते आणि एसटीसाठी राखीव जागा असतात.

बाबांची काळजी मात्र उडवून लावू नकोस. या लाइनमध्ये सुरुवातीला पैसे वेळेवर येत नाहीत, प्रोजेक्ट संपलं की दोन-चार महिने रिकामे जातात, म्हणून घरी किती महिने थांबता येईल ते त्यांच्यासोबत बसून आकड्यात मांड, बजेट बनवायची तुझी पहिली प्रॅक्टिस तीच.

आणि आत्ता, मोबाइलवरच, आजीचं गाणं तिला विचारून परत रेकॉर्ड कर, पावरीतच, दहा मिनिटांची फिल्म कर, आधी गावात दाखव आणि कोण काय बोललं ते लिहून ठेव. कोणाची परवानगी घेतली, किती खर्च आला, सगळं एका वहीत. टीवायचे पेपर सोडू नकोस, पदवी नसेल तर कोलकात्याला ॲडमिशनच मिळणार नाही.