रोजचं बायबल-मनन सुरू करताय? मग हे बघा

भाऊ, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू करू नका, तिसऱ्या लेवीयपर्यंत पोचेस्तोवर बरेच जण गळतात. मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) घ्या, 16च अध्याय आहेत, रोज एकच प्रसंग वाचा आणि मोबाईलवर आलेला रेडीमेड संदेश त्याआधी उघडायचा नाही. वहीत एवढंच लिहा की येशू इथे कोणाशी कसा वागला आणि मला त्यातलं काय टोचलं, काहीच टोचलं नाही तर तेही लिहा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, ते देवाकडे केलेल्या तक्रारीनेच सुरू होतं, 88वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी बायबलमध्ये आहेच ना, मग देवासमोर गोडगोडच बोलायला पाहिजे असं कुठंय?

खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी डबल वाचून भरपाई करत बसू नका, कर्जाचे हप्ते नाहीत ते. बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8-9 बघा, तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आहे, कर्मांनी नाही, पण आपण मननाचंच कर्म करून टाकतो (सलग किती दिवस वाचलं ती स्ट्रीक मोजणारी ॲप्स मला यासाठीच आवडत नाहीत). लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवा, वर्षानुवर्षं बापाच्या घरी राबला आणि धाकटा परत आल्याच्या आनंदाच्या वेळी आत यायलाच तयार नाही. आणि वाढ होतेय की नाही हे स्वतः तपासण्यापेक्षा बायकोला विचारा, चिडचिड कमी झाली का ते, ती खरं सांगेल.