छत्री घ्यायला परत गेलेला मुलगा

पोरी,

कादंबरीवरून काढलेल्या त्या चित्रपटानं पुस्तकाशी बेइमानी केली, असं सांगणारा तुझा लेख वाचला. रात्री दीडला पाठवलास, म्हणजे थेटरातून घरी येऊन तशीच लिहायला बसली असणार. राग अस्सल आहे. लेख मात्र अजून झालेला नाही. रागाचं सामान तेवढं एका जागी गोळा झालंय.

चित्रपटाचं नाव मी या पत्रात घेत नाही, कादंबरीचंही नाही. तू हे पत्र तुमच्या ग्रुपवर टाकणार हे मला ठाऊक आहे. शिवाय चित्रपट करणाऱ्यांपैकी दोघा-तिघांबरोबर मी काम केलंय आणि पुणं फार लहान आहे.

तर तुझ्या लेखात आहे काय? काय काय गाळलं त्याची यादी. गणिताचे मास्तर गेले, आजोबांचं मृत्युपत्र गेलं, तुळशीबागेतला भांड्यांचा प्रसंग गेला, मुलाचं वय वाढवलं, शेवट बदलला. यातलं काहीच खोटं नाही. पण कादंबरी साडेतीनशे पानांची, तुला ती वाचायला आठ-दहा तास तरी लागले असतील. पटकथेचा ढोबळ हिशेब पानाला एक मिनिट असा असतो. दोन तासांच्या चित्रपटाला एकशेवीस पानं मिळाली, त्यातही पटकथेचं पान कादंबरीच्या पानापेक्षा कितीतरी विरळ. तेव्हा गाळण्याला गुन्हा म्हणू नकोस. तो आमचा धंदा आहे. संकलनाच्या टेबलावर जन्मभर मी तेच केलं, आणि चांगले चांगले प्रसंग कापताना मला वाईटसुद्धा वाटलेलं नाही.

तुझ्याच पद्धतीनं एक परीक्षण करून दाखवते. 'पथेर पांचाली' घे. बिभूतिभूषणांच्या मूळ बंगाली कादंबरीत अपूच्या थोरल्या बहिणीला, दुर्गेला, रेल्वे बघायला मिळतच नाही. दोघं भावंडं रुळांच्या शोधात निघतात, वाट चुकतात, हात हलवत परत येतात. पुढे आजारी पडल्यावर ती अपूला विचारते, मी बरी झाले की मला एकदा गाडी दाखवशील ना? ती बरी होत नाही. गाव सोडताना अपू गाडीत बसतो तेव्हा त्याला तिचं हे बोलणं आठवतं. कादंबरी वाचलेला माणूस ही जागा विसरूच शकत नाही. आणि सत्यजित राय काय करतात? दोघांना काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून रुळांकडे पळवतात आणि धूर सोडत जाणारी गाडी पडद्यावर दाखवतात. 1955 साली कुणी बंगाली वाचक तुझ्यासारखा चिडला असेल तर पुस्तकाला धरून त्याचं म्हणणं बरोबरच होतं. बरं, रायना पुस्तक नीट माहीत नव्हतं असंही नाही. चित्रपटाच्या दहाएक वर्षं आधी त्याच कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनीच काढली होती.

आता आपल्या चित्रपटाकडे ये. कादंबरीत 12 जुलै 1961 हा दिवस कसा येतो, ते प्रकरण पुन्हा काढून वाच. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, लकडी पूल बुडाला. आणि आपला तेरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी कॅम्पात आत्याकडे आहे. पूर तो बघतच नाही. त्याला दिसतात रस्त्यानं धावणारी माणसं. ऐकू येतात एकापेक्षा एक अफवा. आत्या घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवते, कारण आता पिण्याचं पाणी येणार नाही असं कुणीतरी सांगून गेलंय. तो नारायण पेठेत परततो तेव्हा चिखल असतो, भिंतीवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ असते, आणि वाड्यात खाली राहणाऱ्या त्या मुलीच्या बिऱ्हाडाच्या जागी नुसती माती. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या माघारी घडून गेलेली आहे. पुढची दीडशे पानं तो त्या न बघितलेल्या पुराशी झटत राहतो. भेटेल त्याला विचारतो, वहीच्या मागच्या पानावर पुराची चित्रं काढतो, आणि शेवटी शाळेत सरळ खोटं सांगतो की मी तिथेच होतो, छपरावर.

चित्रपटात तो खरंच छपरावर आहे. पाणी चढतंय, ढोल वाजतायत, तो हात पुढे करतो आणि मुलगी स्लो मोशनमध्ये त्याचा हात धरते. वीसेक मिनिटं पूर. व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं, चांगलं आहे, ते मान्य करायला हवं. ट्रेलरला पूर लागतो आणि निर्मात्याच्या खोलीत 'मुलगा पूर बघत नाही' हे वाक्य उच्चारायला छाती लागते. मी त्या खोल्यांत बसले आहे.

पण मग एक गोष्ट बघ. पुस्तकानं जे दाखवायचं टाळलं ते दोन्ही चित्रपटांनी दाखवलं, तिकडे गाडी आणि इकडे पूर. एक चित्रपट सत्तर वर्षं टिकला आणि दुसऱ्यानं तुझी झोप उडवली. 'पुस्तकाशी बेइमानी' हा तुझा शब्द दोघांनाही सारखाच लागू पडतो, म्हणून तो इथे काही कामाचा नाही.

रायनी काय केलं ते सांगते. गाडी दाखवली, पण झाकून ठेवणं सोडलं नाही; ते दुसरीकडे नेलं. दुर्गा गेल्यानंतर बाप गावाकडे परततो, बायकोला लेकीसाठी आणलेली साडी दाखवतो, आणि तिचा बांध फुटतो. तिच्या तोंडून हंबरडा बाहेर पडतो तिथे तिचा आवाज नाही, तारशहनाईचा, गजानं वाजवायच्या तंतुवाद्याचा, चढा सूर आहे. पुढे सामान आवरताना अपूला मण्यांची माळ सापडते. ती चोरल्याचा आळ दुर्गेवर आला होता आणि तिनं साफ नाकारलं होतं. तो माळ उचलतो, पळत जातो, तळ्यात टाकतो. शेवाळं बाजूला होतं, परत मिटतं. कुणाला सांगत नाही, आईलासुद्धा नाही. आणि या दोन्हींच्या आधी एक अगदी साधा प्रसंग आहे, तो माझा सगळ्यात लाडका. बहीण गेल्यावर अपू स्वतःचे स्वतः दात घासतो, केस विंचरतो, बाहेर निघतो, आभाळाकडे बघतो आणि छत्री घ्यायला परत घरात जातो. आतापर्यंत या गोष्टी त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी करत होतं. मुलगा मोठा झालाय. त्याला ते माहीत नाही, आपल्याला कळलंय.

वाढत्या वयाची गोष्ट या एवढ्याशा फटीत राहते. अशा कादंबरीत एकाच नावाची दोन माणसं असतात, एक भोगणारा आणि एक सांगणारा. 'श्यामची आई' आठव. लहान श्याम पाण्यात उडी मारायला घाबरतो तेव्हा ते सांगणारा मोठा श्याम रात्री आश्रमात मित्रांसमोर बसलेला असतो. आई त्याला पूर्ण कळलेली आहे, लहान श्यामला अजून नाही. 'शाळा'मध्ये सांगणारा इतका मागे बसत नाही, पण तिथेही नववीतल्या मुलाला आणीबाणी जेवढी कळते तेवढीच आपल्याला मिळते. उरलेलं आपण आपल्या वयानं भरतो. पडद्यावर मात्र जे चालू असतं ते आत्ता चालू असतं. 'तेव्हा मला कळलं नव्हतं' हे वाक्य कॅमेऱ्याला येत नाही. म्हणून कादंबरीतल्या सांगणाऱ्याला चित्रपटात जागा शोधून द्यावी लागते. कुणी ती कॅमेऱ्याच्या अंतरात शोधतो, कुणी आवाजात, कुणी मुलाला न कळलेली एखादी गोष्ट चौकटीच्या कोपऱ्यात ठेवून देतो.

आपल्या लोकांनी ती व्हॉइस-ओव्हरमध्ये शोधली. त्याला माझी हरकत नाही. हरकत वाक्याला आहे: 'त्या दिवशी माझं बालपण वाहून गेलं.' कादंबरीत हे वाक्य शोधलंस का? नाही सापडणार. त्या मुलालाच सगळं कळलंय म्हटल्यावर आपण थेटरात बसून करायचं काय? पॉपकॉर्न खायचे.

आणि एकदा त्याला छपरावर चढवला की पुढचं सगळं आपोआप घसरतं. तो तिथे होताच, म्हणून शाळेत खोटं बोलायचं कारण उरत नाही. खोटं नाही, म्हणून ते पकडलं जाण्याची भीती नाही. त्यानं तिला वाचवलंय, म्हणून तिला तोंड दाखवायची लाज नाही. अशा मुलाला कादंबरीचा शेवट चिकटवणार कसा? तू शेवट बदलला म्हणून ओरडतेस. अगं, शेवट मध्यंतराआधीच बदलून झाला होता. शेवटच्या रिळात त्यांनी फक्त सह्या केल्या.

वयाचंही तसंच. तेराचा मुलगा सतराचा केला, तर शेजारच्या मुलीबद्दलचं ते नाव नसलेलं कुतूहल सरळ प्रेमप्रकरण होतं, मग एक गाणं येतं, मग गाण्यासाठी पाऊस येतो. इथे तुझा राग योग्य जागी आहे. तरी लिहिण्याआधी एवढं माहीत करून घे: 14 वर्षांखालच्या मुलाला शूटिंगवर दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, त्यातही सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि कमाईतला किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. 2017 चे नियम आहेत आणि चांगले आहेत. पण प्रत्येक प्रसंगात असणारा नायक दिवसाला पाचच तास मिळाला की वेळापत्रक लांबतं आणि पैसे वाढतात. मग कुणीतरी म्हणतं, थोडा मोठा घेऊ या ना. अशी छोटी सोय कथेला कुठे नेऊन सोडते हे तुला दाखवता आलं, तर तो लेख मी आनंदानं दुसऱ्यांदा वाचेन.

टीका करायची तर दुसरी वाट दिसली पाहिजे, असा काही नियम नाही. पण तुला पटकथा लिहायची आहे, म्हणून तुझ्यापुरता तो नियम आहे. मला दिसलेली एक वाट सांगते. पूर दाखवायचाच असेल तर दाखवा, पण मुलाच्या थापेत दाखवा. तो वर्गात सांगतोय की मी छपरावर होतो, आणि पडद्यावर पाणी चढतंय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलांना सांगताना पाणी आणखी वर, हातात दोरी. तिसऱ्या वेळी मुलगी वाचते. मध्येच एक कट: कॅम्पातलं स्वयंपाकघर, तो आत्याशेजारी बसून मटार सोलतोय, बाहेर कुणीतरी ओरडत पळतंय. थांब, जुलैत मटार कुठले. गवार निवडतोय म्हण. निर्मात्याला त्याचा पूर मिळाला, ट्रेलर मिळाला, व्हीएफएक्सचे पैसे वसूल झाले, आणि सांगणारा नि भोगणारा वेगळे राहिले. हीच एक वाट आहे असं नाही, तुला हिच्याहून बरी सुचायला पाहिजे.

त्यासाठी एक काम कर. मुलगा नारायण पेठेत परत येतो ते प्रकरण घे. तुझी प्रत आप्पा बळवंत चौकातून जुनीच आणलेली आहे, तेव्हा पेन्सिलनं बिनधास्त खरड. जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते सगळं खोड: 'त्याला वाटलं', 'त्याच्या मनात आलं', उपमा, सगळं. सात-आठ पानांतलं दीडेक पान उरेल. ते उरलेलं चित्रपट नाही. त्या दीड पानाची पटकथा केली तर चित्रपट प्रामाणिक होतो, पण मेलेला. खोडलेल्या भागातली एकच गोष्ट निवड, जिच्यावाचून प्रकरण कोसळेल. मग ती मुलाच्या हाताला काय करायला लावेल ते शोध. बोलायला लावायचं नाही. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमध्ये जुने चित्रपट लागतात, तिथे जाऊन बस. एखादा चित्रपट दुसऱ्यांदा बघताना फक्त एवढंच बघ की माणसं मनातलं काय काय हातांनी सांगतात. घरी बघितलास तर आवाज बंद करून बघ.

'दिग्दर्शकाला साहित्य कळत नाही' हे वाक्य काढून टाक. त्याला ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, आणि तरीही चित्रपट फसलेला असू शकतो. 'कादंबरीचा खून' हेही काढ. कादंबरी शाबूत आहे, उलट या महिन्यात चार प्रती जास्त खपतील. लेखकानं हक्क राजीखुशीनं विकले, ते विकायचा त्याला पूर्ण अधिकार होता, आणि मराठी लेखकाला दोन पैसे मिळाले तर तू-मी नाक मुरडायचं कारण नाही.

दिग्दर्शकाला टॅग करू का, असं विचारलंयस. कर की. पण त्याआधी श्रेयनामावली नीट बघ. पटकथा तिघांनी लिहिली आहे, त्यात तो नाही. तुझ्या लेखात मात्र सगळं खापर त्या एकट्याच्या डोक्यावर फुटलंय आणि त्या तिघांचं नावसुद्धा नाही. तेवढं दुरुस्त कर, आणि प्रकरण खोडून झालं की घेऊन ये. बुधवारी नको, त्या दिवशी माझ्या गुडघ्यासाठी फिजिओ येतो.

तुझी,
ताई